कामेइदो ते किन्शिचो, लांबच्या वाटेने

कोणताही देश हा मुळात एक नियम असतो; डोंगर, नद्या, देवळं आणि माणसं ही त्याची परिशिष्टं. बहुतेक प्रवासी परिशिष्टं चाळतात, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि देश पाहिला म्हणून सांगतात. श्री. भानुदास दिवेकर (सेवानिवृत्त अधीक्षक, प्रवासभत्ता शाखा, पाटबंधारे खातं, पुणे) यांनी मात्र पत्नी सौ. स्नेहलता यांच्यासह नव्वद दिवस तोक्योत मुक्काम करून जपान मुळातून पाहिला. खेपेला माणशी एकशे तीस येनात. तोही स्टेशनाबाहेर पाऊल न टाकता.

हे कसं साधलं ते समजण्यासाठी आधी भानुदासरावांची सेवा समजून घेतली पाहिजे. तेहतीस वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं. खात्यातले इंजिनियर, ओव्हरसियर, शिपाई कामानिमित्त कुठे जाऊन आले की प्रवासाचं बिल सादर करत, आणि भानुदासराव ते कापत. कापायला त्यांच्याकडे एकच सुरी होती : 'प्रवास जवळच्या मार्गाने केला असे गृहीत धरून देय.' माणूस सोलापूरला जाताना सासुरवाडीवरून वळसा घालून गेला, तर तो त्याच्या संसाराचा प्रश्न. पैसे जवळच्या मार्गाचे. तेहतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एकूण ४१,३०० बिलं आली, त्यांपैकी ४१,२८८ कापली गेली. (उरलेली बारा मुख्य अभियंत्यांची होती.)

महाराष्ट्रातल्या कोणत्याही दोन गावांमधलं अंतर ते झोपेतून उठवलं तरी सांगत. स्वतः ते पुणे–वाई असे दोनदा जाऊन आले होते. एकदा लग्नाला, एकदा सासरे गेले तेव्हा. रजेच्या प्रवासाची सरकारी सवलत त्यांनी कधीच घेतली नाही. कारण ते बिल शेवटी त्यांच्याच टेबलावर आलं असतं, आणि त्या बाबतीत त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता.

स्नेहलताबाईंनाही संसाराच्या ओघात गणपतीपुळ्यापासून काश्मीरपर्यंत सगळ्या ठिकाणांची पुण्यापासूनची अंतरं पाठ झाली होती. ठिकाणं तेवढी पाहायची राहिली होती.

२००६च्या ऑक्टोबरात दोघं ओजिमाला लेकीकडे आली. त्या वर्षांत पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरमधली मंडळी तोक्योच्या त्या बाजूला इतकी दाट झाली होती की सरकारी इमारतींच्या गॅलऱ्यांमधून कुठला कुकर कितव्या मजल्यावर शिट्टी देतोय ते खालून ओळखता येई. जावई सत्यजित एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता. तो सोमवारी सकाळी जाई आणि शनिवारी घरी दिसे. यामिनी, म्हणजे लेक, चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात बाइतो करायची. बाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी, जी पूर्ण वेळ चालते.

सामानात तूरडाळ, भाजणी, मेतकूट, रेव्हेन्यू स्टॅम्पांचं एक पाकीट आणि प्रवासभत्त्याच्या कोऱ्या बिलांचा एक गठ्ठा होता.

"बाबा, हे कशाला?" यामिनीने विचारलं.

"असावेत," भानुदासराव म्हणाले.

पहिल्या आठवड्यात सत्यजितने त्यांना एका उंच मनोऱ्यापाशी नेलं. भानुदासरावांनी वर जाण्याचा दर वाचला, मान मागे टाकून मनोरा पाहिला आणि विचारलं, "सत्यजितराव, वर जाऊन काय दिसतं?"

"सगळं शहर दिसतं, बाबा."

"आता आपण कुठे आहोत?"

"शहरात."

"मग झालं तर."

यानंतर मुक्काम किफायतशीर करण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. तीन आठवडे दोघं घरातच होती. स्नेहलताबाई गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या पाहत. त्यांचं जपानबद्दल त्या वेळचं मत असं होतं की इथे गाद्या फार वाळत घालतात.

आणि मग दिवाळीच्या उरल्यासुरल्या फराळाला पाचव्या मजल्यावरचा विवेक आला. चकली मोडता मोडता तो सहज म्हणाला, "काका, इथल्या रेल्वेची एक गंमत माहितीये? तिकिटाचे पैसे जवळच्या मार्गाचेच घेतात. तुम्ही कुठूनही फिरून जा! एकशे तीस येनाचं पुढच्या स्टेशनचं तिकीट काढायचं, उलट्या दिशेने दिवसभर फिरायचं, आणि संध्याकाळी पुढच्या स्टेशनला उतरायचं. फक्त मधे बाहेर पडायचं नाही आणि एका स्टेशनातून दोनदा जायचं नाही."

भानुदासरावांनी चहाचा कप बशीत ठेवला. "हे लेखी आहे?"

"आहे की."

"कोणतं कलम?"

विवेकने दुसऱ्या दिवशी छापील नियम आणून दिला. यामिनीने बाइतोवरून आल्यावर दोन संध्याकाळी बसून त्याचं भाषांतर केलं. भानुदासरावांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा काढून डोळे पुसले. ज्या तत्त्वासाठी सबंध पाटबंधारे खात्याच्या शिव्या तेहतीस वर्षं खाल्ल्या, ते तत्त्व एका परक्या देशाने आपण होऊन मान्य केलं होतं. 'प्रवास जवळच्या मार्गाने केला असे गृहीत धरून.' शब्दाला शब्द.

"स्नेहल," ते म्हणाले, "गुरुवारी जपान पाहायला जायचं."

"उतरायचं कुठे?"

"किन्शिचोला."

कामेइदो हे घरापासून वीस मिनिटं चालत गेल्यावर येणारं स्टेशन. किन्शिचो हे त्याच्या पुढचं. अंतर दीड किलोमीटर, वेळ दोन मिनिटं. त्या गुरुवारी दिवेकर दांपत्य सकाळी सहा सतराला कामेइदोहून निघालं आणि संध्याकाळी सात बावन्नला किन्शिचोला पोहोचलं. मधे चिबा, नारिता, आबिको, ओयामा, ताकासाकी, हाचिओजी आणि शिन्जुकु ही गावं लागली, म्हणजे स्टेशनं लागली. एकूण दोनशेच्या वर स्टेशनं, नऊ गाड्या, चार वेगवेगळी हवामानं. सोबत दशम्या, चटणी, थर्मास, दोन उश्या आणि फाइल. दोन्ही तिकिटं फाइलीत, आणि फाइल भानुदासरावांच्या मांडीवर.

दुपारी ताकासाकीच्या अलीकडे एक तिकीट तपासनीस आला. त्याने एकशे तीस येनाचं तिकीट पाहिलं. खिडकीबाहेरचे, तोक्योत नसणारे डोंगर पाहिले. पुन्हा तिकीट पाहिलं. भानुदासरावांनी न बोलता फाइल उघडून नियमावर बोट ठेवलं. तपासनिसाने तो मनातल्या मनात वाचला, एक पाऊल मागे सरकला आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

भानुदासराव पत्नीकडे वळले. "बघितलंस? नियमाला वाकला तो. आपल्याकडे माणसं नियम वाकवतात."

"पाय आखडले हो माझे," स्नेहलताबाई म्हणाल्या.

या पद्धतीचे फायदे अनेक आहेत. देवळात चपला काढाव्या लागत नाहीत. वाट चुकत नाही, कारण रूळ चुकू देत नाहीत. परक्या भाषेचा त्रास नाही. उकाडा, थंडी, पाऊस सगळं काचेपलीकडे. तोट्याची नोंद एकच आहे : दुसऱ्या खेपेला स्नेहलताबाईंची छत्री ओयामाच्या बाकावर राहिली. ती तीन मिनिटांच्या अंतरावर होती. पण परत जाणं म्हणजे एका स्टेशनातून दोनदा जाणं. भानुदासरावांनी छत्रीचा त्याग केला. छत्रीला त्यांनी पुण्यातच नाव आणि ओजिमाचा पत्ता-फोन यांची चिठ्ठी बांधली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुरियरने घरी हजर झाली, वाळवून, घडी घालून. आठशे चाळीस येन यामिनीने भरले.

"छत्री सरळ घरी आली," स्नेहलताबाई म्हणाल्या. "आपल्याला तेरा तास लागतात."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्या हिवाळ्यात ओजिमा, फुनाबोरी आणि उरायासु या तिन्ही ठिकाणी नव्वद दिवसांच्या मुक्कामाला आलेले आई-वडील भरपूर होते, आणि त्यांचं दिवसभर करायचं काय हा प्रश्न घराघरात गाजत होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'किफायतशीर प्रवासी मंडळा'ची स्थापना धावत्या गाडीत झाली. अध्यक्ष : भानुदासराव. सदस्य : अकरा. किमान सेवा : तीस वर्षं. मुलं-सुना-जावई यांचा पाठिंबा : शंभर टक्के. (एका सुनेने पहाटे चारला उठून सगळ्या मंडळाच्या पोळ्या केल्या आणि दर गुरुवारी करायची तयारी दाखवली.)

मंडळाच्या घटनेत एकच गुन्हा होता : बाहेर पडणे. तो पहिल्यांदा उरायासुच्या उल्हासरावांनी केला. एका स्टेशनावरून त्यांना देऊळ दिसलं, लाल पानांची झाडं दिसली, आणि ते चक्क फरकाचे पैसे भरून उतरले. दोन तासांनी मागच्या गाडीने आले ते हसतमुखाने. त्यांच्यावर जपान पाहिल्याचा आरोप ठेवण्यात आला. उल्हासरावांनी तो नाकारला नाही. उलट पिशवीतून कसलीशी गोड भाकरी काढून आरोपकर्त्यांनाच देऊ लागले. त्यांना मंडळातून काढण्याचा ठराव भानुदासरावांनी स्वतः मांडला. तो नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. विरोधातलं एक मत उल्हासरावांचं होतं. दुसरं कुणाचं, ते हात मोजताना भानुदासरावांनी मुद्दाम पाहिलं नाही, कारण तो हात त्यांना खेटूनच वर झाला होता.

त्या हाताला कारण होतं.

हाचिको लाइन म्हणून एक डोंगराकडेची लाइन आहे. एकेरी रूळ, दोन डब्यांची डिझेलची गाडी; दार आपोआप उघडत नाही, बटण दाबून उघडावं लागतं. या लाइनीवर एक लहानसं स्टेशन आहे. एक खोली, एक सायकल, एक पांढऱ्या हातमोज्यांचे स्टेशनमास्तर. समोरून येणारी गाडी जाऊ द्यायला आपली गाडी तिथे अकरा मिनिटं थांबते. फलाटाला लाकडी कुंपण, कुंपणापलीकडे एका घराचं अंगण, आणि नोव्हेंबरात त्या घराच्या वळचणीला सोललेली केशरी फळं दोऱ्यांना बांधून वाळत टाकलेली. अंगणात भानुदासरावांच्या अंदाजाने पंचाहत्तर वर्षांच्या एक बाई.

पहिल्या खेपेला स्नेहलताबाई पाय मोकळे करायला फलाटावर उतरल्या आणि त्या फळांकडे पाहत कुंपणापाशी उभ्या राहिल्या. "किती दिवस वाळवता हो?" त्यांनी मराठीत विचारलं. बाईंनी जपानीत उत्तर दिलं. ते इतकं सविस्तर होतं की अकरा मिनिटं पुरली नाहीत.

पुढच्या गुरुवारी बाई आधीच कुंपणापाशी उभ्या होत्या. भानुदासरावांनी सवयीने फाइलीच्या मागच्या पानावर आवक-जावक ठेवली. जावक : थालीपीठं दोन ("घ्या हो, लसूण नाही घातलेला"), मेतकुटाची पुडी, लिंबाचं लोणचं, लोकरीची कानटोपी. आवक : वाळलेली फळं सहा, मुळ्याचं लोणचं, चोळलं की गरम होणारी, खिशात ठेवायची पाकिटं चार, उकडलेली रताळी. कुंपणावरून देवाणघेवाण म्हणजे बाहेर पडणं होतं काय, यावर त्यांनी एक संपूर्ण गुरुवार विचार केला आणि 'हात बाहेर गेला तरी पाय आत असल्याने आक्षेप नाही' असा निर्णय दिला.

डिसेंबर संपता संपता बाईंनी घराकडे बोट दाखवलं, मग कप धरल्यासारखा हात ओठांशी नेला, मग स्नेहलताबाईंकडे बोट दाखवलं. याला भाषांतर लागलं नाही.

"अहो, एकदा उतरू या का?" गाडी सुटल्यावर स्नेहलताबाईंनी विचारलं. "चहा प्यायचा आणि यायचं."

"तिकीट बाद होईल. जवळच्या मार्गाचे चौदाशे पन्नास येन भरावे लागतील. माणशी."

"मी भरीन. यामिनीने दिलेत मला हातखर्चाला."

"पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाला चहा नको असेल. मला हवाय."

"विचाराधीन ठेवू," भानुदासराव म्हणाले.

प्रस्ताव तीन गुरुवार विचाराधीन राहिला. दर खेपेला गाडी हाचिको लाइनीला लागली की स्नेहलताबाई पदर सारखा करत आणि नवऱ्याकडे पाहत. भानुदासराव फाइलीकडे पाहत. उल्हासरावांना काढून अजून महिना झाला नव्हता.

सोळा जानेवारीला दोघांचं परतीचं विमान होतं. चौदाला संक्रांत. त्या दिवशी फुनाबोरीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, एकशे दहा बायका येणार होत्या, मंडळाचा गुरुवारही नव्हता. स्नेहलताबाई म्हणाल्या, "मला नाही जायचं फुनाबोरीला. गाडीने जाऊ." त्यांनी जांभळी इरकल नेसली, वरून यामिनीचा फुगीर जपानी कोट घातला आणि डब्यात तिळाचे लाडू, करंडा आणि वाण म्हणून एक स्टीलची वाटी घेतली. भानुदासरावांना बरं वाटलं. अध्यक्षांची निरोपाची खेप होती.

स्टेशन आलं. गाडी थांबली. कुंपणापाशी कुणी नव्हतं.

स्नेहलताबाई बटण दाबून फलाटावर उतरल्या. भानुदासराव दारात उभे राहिले, दोन्ही पाय आत. वळचणीच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. मिनिटं चार गेली, पाच गेली.

"अहो, आत दिवा आहे."

"असू दे."

"आजारीबिजारी असेल."

"आपल्याकडे तशी माहिती नाही."

"माहिती काढायलाच जाते."

"लाडू कुंपणावर ठेव. पोचतील तिला."

"हळदीकुंकू कुंपणावर ठेवून होत नाही."

"स्नेहल, परवा आपलं विमान आहे. तिकीट बाद होईल. आणि अगं, मी अध्यक्ष आहे!"

स्नेहलताबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मग तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांनी गाडी सोडू नये."

आणि त्या चालू लागल्या. स्टेशनमास्तरांपुढे थांबल्या, गाडीकडे बोट दाखवून तिकीट नवऱ्याजवळ आणि नवरा गाडीत हे त्यांना पटवलं, कमरेचं पाकीट काढलं, पैसे भरले आणि बाहेर पडल्या. अंगण ओलांडायला त्यांना चाळीस पावलं लागली. भानुदासरावांनी ती मोजली. दाराशी त्यांनी चपला काढल्या. तेवढ्यात समोरची गाडी आली, गेली, आणि दार मिटलं. गाडीचं.

पुढच्या स्टेशनावर उतरून परत जाता आलं असतं. तसं केल्याने एका स्टेशनातून दोनदा जाणं झालं असतं, म्हणजे ते नियमबाह्य होतं. भानुदासरावांनी तो पर्याय विचारात घेतला. त्यांच्या सबंध सेवेतली ही पहिली अनियमितता. त्या विचारात पुढचं स्टेशन गेलं, त्याच्या पुढचंही गेलं, आणि हाचिओजीपर्यंत ते शेजारच्या रिकाम्या उशीवर हात ठेवून बसून राहिले. स्नेहलताबाईंना जपानी येत नव्हतं. पत्त्याची चिठ्ठी होती की नाही, आठवेना. छत्रीला होती.

किन्शिचोच्या फाटकावरचा माणूस आता ओळखीचा झाला होता. दर खेपेला तो मार्ग विचारी आणि भानुदासराव दोनशे स्टेशनं क्रमाने म्हणून दाखवत. तो आदराने फाटक उघडी. आज त्याने दोन तिकिटं पाहिली, मग भानुदासरावांच्या मागे पाहिलं. "ओक्सान?" त्याने विचारलं. मिसेस?

भानुदासरावांनी स्टेशनं म्हणायला सुरुवात केली. चिबा, नारिता, आबिको धडाधड झाली. त्या लहान स्टेशनापर्यंत आले आणि त्यांना पुढचं आठवेना. फाटकवाला वाकला आणि त्याने फाटक उघडलं.

घरी आले तर स्नेहलताबाई स्वयंपाकघरात पापडी निवडत होत्या. जवळच्या मार्गाने आल्या होत्या. येऊन सव्वा तास झाला होता. स्टेशनमास्तरांनी कुठे गाडी बदलायची त्याच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या आणि वाटेतल्या लोकांनी त्यांना एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवत ओजिमापर्यंत आणलं होतं.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "वाढू का?"

कुंपणापलीकडच्या बाईंचा पाय मुरगळला होता. स्नेहलताबाईंनी त्याला तिथल्याच चुलीवर हळद गरम करून लेप दिला, उरलेल्या हळदीने हळदीकुंकू केलं. चहा झाला. हे सगळं त्या यामिनीला सांगत होत्या. "नाव काय गं त्यांचं?" यामिनीने विचारलं, आणि स्नेहलताबाईंनी सांगितलं. भानुदासराव त्या वेळी आतल्या खोलीत खेपेची नोंद पुरी करत होते.

सकाळी फाइलीवर एक बिल होतं, विहित नमुन्यात, स्नेहलताबाईंच्या ठसठशीत अक्षरात. जाणे चौदाशे पन्नास, येणे चौदाशे पन्नास. मार्ग : जवळचा. प्रयोजन : हळदीकुंकू.

भानुदासरावांनी ते नियमाप्रमाणे परत केलं : 'प्रयोजनाचा खुलासा मागवावा.'

दुपारी ते पुन्हा फाइलीवर आलं. खाली एक ओळ वाढली होती. 'खुलासा : तुम्ही या, म्हणजे कळेल.'

त्यावर काय शेरा मारावा हे नियमांत नव्हतं. बिल विचाराधीन राहिलं आणि फाइलीबरोबर पुण्याला गेलं.

त्याच वर्षी श्रावणात स्नेहलताबाई गेल्या. आजार सतरा दिवसांचा.

२००८च्या ऑक्टोबरात भानुदासराव पुन्हा ओजिमाला आले. सदस्य बदलले तरी मंडळ चालू होतं. आता ते एकतीस जणांचं झालं होतं आणि त्यांना गुच्छ देण्यात आला. गुरुवारी या, म्हणून आग्रह झाला. त्यांनी बुधवारी यामिनीला बाइतोवरून रजा काढायला सांगितली. कामेइदोला तिकिटाच्या यंत्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग दोन तिकिटं काढली. प्रत्येकी चौदाशे पन्नास.

अडीच तास लागले.

"लवकर आलं," भानुदासराव म्हणाले.

वळचणीला फळं वाळत घातली होती. बाईंनी त्यांना ओळखलं आणि त्यांच्या मागे पाहिलं. यामिनीला पाहिलं, तिच्याही मागे पाहिलं. यामिनीने जपानीत सांगितलं. बाईंनी दार पूर्ण सरकवलं आणि बाजूला झाल्या. आत त्यांच्या नवऱ्याच्या फोटोपुढे स्टीलची वाटी होती, वाटीत एक ताजं फळ. त्यांनी चार कप मांडले. चौथा भरला आणि कुणी न प्यायल्यामुळे तो निवत राहिला.

भानुदासरावांनी आपला चहा संपवला. "नाव विचार," ते यामिनीला म्हणाले.

"मला माहितीये, बाबा."

"असेल. तू विचार. मला त्यांच्याकडून हवंय."

यामिनीने विचारलं. बाईंनी सांगितलं. फाइलीत दोनशे स्टेशनांच्या यादीत ते लहान स्टेशन होतं, त्याच्यापुढे भानुदासरावांनी ते नाव लिहिलं. मग विचाराधीन बिल काढलं, मांडीवर ठेवलं आणि शेरा मारला : 'खुलासा समक्ष पाहिला. समाधानकारक. दोन हजार नऊशे येन पूर्ण मान्य. वारसास अदा करावे.' पैसे मोजून यामिनीसमोर ठेवले, पुण्याचा रेव्हेन्यू स्टॅम्प जिभेला लावून चिकटवला आणि तिची त्यावर सही घेतली. (न कापलेलं हे तेरावं.)

आता वाचकांविषयी. आपण सकाळी सहा सतरापासून इथपर्यंत आलात, खिडकीची जागा सोडली नाहीत, ऊन-वारा लागू दिला नाहीत. दोनशे स्टेशनं, एक छत्री, एक मंडळ आणि एक मृत्यू, सगळं काचेतून नीट दिसलं असेल. त्या अंगणापाशी आपलीही गाडी अकरा मिनिटं थांबली होती. त्या बाईंचं नाव काय, हा प्रश्न तिथे आपल्याला एकदाही पडला नसेल, तर आपण 'किफायतशीर प्रवासी मंडळा'च्या आजीव सदस्यत्वास पूर्णपणे पात्र आहात. वर्गणी एकशे तीस येन.

आणि आत्ता पडला असेल, तर नाव फाइलीत आहे. त्यासाठी उतरावं लागेल.